अरुंधती दिसली का

वैशाख वद्य तृतीया, शके १८१२. ठाणे.

चष्मा सकाळपासून खिशातच होता. वैद्यबुवा म्हणाले, लांबचं न दिसणारे डोळे चाळिशीनंतर आपोआप सुधारतात. मला पटलंही. कचेरीतले माझ्या वयाचे कारकून कागद हातभर लांब धरतात. मी चष्मा काढून बारीक अक्षरही वाचतो. मग सुधारलेच ना?

आज दुर्गीचं लग्न लागलं. दिवेलागणीनंतर भटजींनी लेकीला आणि जावयाला अंगणात आणून अरुंधती दाखवली. मीही वर पाहिलं. अरुंधती राहू दे, सप्तर्षीही दिसेनात. खिशातून चष्मा काढून लावला, तर सगळे जागच्या जागी. म्हणजे जवळचं सुधारलं आणि लांबचं तसंच? की काहीच सुधारलं नाही?

"दिसली का गं?" भटजींनी विचारलं. दुर्गी डोळे बारीक करून बघत होती, अगदी मी बघतो तशी. मग हळूच म्हणाली, "दिसली." माझ्या लग्नात मीही असंच म्हणालो होतो.

चष्मा तिला द्यावा असं वाटलं. पण व्याही शेजारीच उभे होते. मी तो काढून परत खिशात ठेवला.

उद्या ती सासरी जाईल. वैद्यबुवांचं खरं धरलं, तरी चाळिशीला तिला अजून तीस वर्षं आहेत.