राहिलेल्या शब्दांची उत्तरं

प्रिय पोलिक्सेनी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. 'आई, बाबा माझ्यामुळेच तसे राहिले का?' एवढा एकच प्रश्न, आणि खाली, 'मी येते, त्यांच्यापाशी उभी राहून माफी मागते.' तुझ्या चुलत बहिणीने तुला सगळं कळवलेलं दिसतंय. तिला कधी कुणी गप्प बसवू शकलंय का? उत्तर याच पत्रात देणार आहे, पण मी पडले शाळेतली बाई, आधीचे प्रश्न आधी. लीड्सहून पाठवलेल्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तू एक इंग्रजी शब्द लिहून विचारायचीस, 'हा आपल्या ग्रीकमधूनच गेलेला ना? मूळ सांग.' तुझ्या लहानपणी माझा जाडा कोश मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात खेळायचो, तोच खेळ. चौदा वर्षं तुला एकाही शब्दाचं उत्तर गेलं नाही. का, ते पुढे येईलच.

पहिला शब्द होता बटर. आपलाच. 'गाईचं चीज', एवढाच त्याचा अर्थ. आपले जुने लोक शेळ्यामेंढ्या राखणारे आणि तेल खाणारे, लोणी खाणाऱ्या परक्यांना ते हसायचे. तू लिहिलं होतंस की तिथे सगळं लोण्यात तळतात आणि तुला घरच्या तेलाची आठवण येते. मग स्कूल. त्याचा मूळ अर्थ फुरसत. फावल्या वेळात माणसं शहाणपणाचं बोलत बसायची, त्यावरून शाळा. तुला अथेन्सला शिकायचं होतं आणि बाबांनी परस्पर यिथिओ गावच्या दोरवाल्याला तुझ्या लग्नाचा शब्द देऊन टाकला, तेव्हा मी शाळेत पोरांना धैर्यावर निबंध घालत होते. घरी येऊन तोंड उघडलं नाही.

तिसरा शब्द पॅनिक. भर दुपारी रानात पॅन देव ओरडतो आणि कळप कारणाशिवाय उधळतो, ती भीती. ती मी मे महिन्यात डोळ्यांनी पाहिली. बाबांना पुरून तीन वर्षं झाली म्हणून रिवाजाप्रमाणे आम्ही बायका त्यांची हाडं काढायला गेलो. धुवायला वाइन, पुसायला पांढरं कापड, ठेवायला पेटी, सगळं मी नेलं होतं. शेजारची गारुफालिया खणत होती आणि तिचं तोंड खोऱ्यापेक्षा जोरात चाललं होतं. 'ऊठ रे थ्रासिवुलोस, पुरे झाली झोप! पेटीत जा नि दुसऱ्याला जागा दे!' बायका हसल्या. तेवढ्यात खोरं कापडात अडकलं. निळा सूट, बटणं जागच्या जागी. आणि आत बाबा होते. हाडं नव्हेत, बाबा. गारुफालियाच्या हातून खोरं गळलं. 'अगं बाई, मातीनं घेतलंच नाही ह्याला! कुणाची हाय लागली गं?' आधी एक पळाली, मग सगळ्या. मी वाइनची बाटली धरून तिथेच उभी.

हाय कुणाची, हे कुणाला शोधावं लागलं नाही. एकोणीस वर्षांची तू, ते लग्न नाकारून, हातात बॅग घेऊन उंबरठ्यावरून ओरडली होतीस, 'तुम्हाला माती न खावो!' अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. आता आपल्या दारावरून जाताना बायका छातीवर क्रूसाची खूण करतात. गेल्या शनिवारी बाबांच्या नावाने उकडलेले गहू वाटायला नेले, तर एकीनेही हात पुढे केला नाही. त्यांना पुन्हा पुरलंय, पण भिंतीच्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून लांब. आपले पाद्री पापा-लेफ्तेरिस तसे भले गृहस्थ, पण तेही म्हणाले, 'बाई, लेकीला बोलवा. तिनं मोठ्यानं माफ केलं तर माती घेईल. नाहीतर दोन वर्षांनी उघडू तेव्हा काय दिसेल, ते मला बघायचं नाही.' सेमेटरी, म्हणजे कबरस्तान, हा तुझा चौथा शब्द. निजायची जागा, असा त्याचा अर्थ. पण बाबा तिथे निजलेले नाहीत, असं आता सगळं गाव म्हणतंय.

शेवटचा शब्द होता इडियट. गिरणीतला मुकादम तुला तसं म्हणाला होता. मूळ अर्थ शिवीचा नाही. फक्त आपल्या चार भिंतींपुरतं बघणारा, बाहेर काय चाललंय त्यात न पडणारा, तो. हा शब्द तुझा नव्हे, पोरी, माझा आहे. टपाल कॉफीच्या दुकानात यायचं आणि घरी आणायचे बाबा. अकरा वर्षं मी विचारायची, 'काही आलं का?' आणि ते म्हणायचे, 'विसरली ती तुला.' मी खरं मानलं. ते गेले त्या सकाळी त्यांना घालायला लग्नातला कोट मी शोधत होते. कपड्यांच्या पेटीच्या तळाशी तुझी सगळी पत्रं सापडली, फोडलेली, दोरीने बांधलेली. शेजारी तू पाठवलेला निळा सूट, प्लास्टिकमध्ये तसाच, वर तुझी चिठ्ठी: 'बाबा, रागात बोलले ते मनातून काढून टाका. ईस्टरला हा घाला.' म्हणजे तुझा शाप तू केव्हाच मागे घेतला होतास.

यानंतर तीन वर्षं मी तुला तीन-तीन ओळींची पत्रं लिहिली, कारण पुढची ओळ लिहायचं धाडस नव्हतं. त्या सकाळी मी बायकांना खोलीबाहेर काढलं आणि बाबांना एकटीने कपडे चढवले. अथेन्सच्या वर्तमानपत्रात मी वाचलं होतं की मयताला नायलॉन घालू नका, त्यात देह मातीला मिळत नाही. गावात हे कुणाला ठाऊक नव्हतं, मला होतं. तुझा तो नायलॉनचा सूट मी घातला, गळ्यापर्यंत एकेक बटण लावलं आणि ते प्लास्टिकही आतून गुंडाळलं. मला पश्चात्ताप झाला का, हे अजून मलाच कळलेलं नाही. तुझ्यावर आळ आला, त्याचा मात्र झाला. येत्या रविवारी प्रार्थना संपली की सगळ्यांसमोर हे सांगणार आहे. त्यानंतर या गावात माझी हाडं धुवायला कुणी येणार नाही. तू माफी मागायला येऊ नकोस, तुझ्याकडे मागण्यासारखं काही नाही. पण आलीस, तर माझ्यासाठी एक झगा आण. सुती बघून घे.

तुझीच,
आई