शुक्रवारची ओळ

सोम. ३ फेब्रु.
आज मीटिंगमध्ये नितीननं पडद्यावर 'माझं कलेक्शन' म्हणून एक फोल्डर उघडलं. ते माझं होतं. नऊ वर्षांची शिदोरी! आपोआप बॅकअप घेणारी स्क्रिप्ट, सर्व्हरच्या सेटिंग्ज, एकच नाव दहा तऱ्हांनी लिहिलेलं असलं तरी जुळवणारा तो कोडचा तुकडा, ज्यापायी माझी अख्खी दिवाळी गेली. फायलींची नावं बदलली होती, पण आपली पोरं गर्दीतही ओळखू येतात.
सर खूश. जागच्या जागी त्याला टीम लीड केलं. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. का, देव जाणे.

मंगळ. ४
करमाडचं हे पोरगं दोन वर्षांमागं मीच इथं चिकटवलं. पहिल्या दिवशी कोरा लॅपटॉप घेऊन रडकुंडीला आलेलं. मी पेनड्राइव्ह हातात ठेवला. "घे, सगळं घे. डोकं नको फोडत बसू." तेव्हा म्हणाला, "ताई, लई उपकार झाले."
आज चहाच्या टपरीवर गाठलं. तर म्हणे, "ताई, कोडला काय कुणाचं नाव असतंय व्हय? तुम्हीच तर दिलं."
वापरायला दिलं होतं रे बाबा, मिरवायला नाही. आणि वर तोंड करून ताई म्हणतो. दुपारचा डबा तसाच परत आणला.

बुध. ५
त्याचं नि माझं फोल्डर शेजारी-शेजारी लावून बघितलं. माझ्या प्रत्येक तुकड्यात मराठीत टिपा असतात, माझ्या विसरभोळेपणावरचं औषध. त्यानं एकूण एक पुसल्यात. टिपा पुसायची स्क्रिप्टसुद्धा माझीच वापरली! आधी हसले, मग रडले.

गुरु. ६
आज एक भलतंच ध्यानात आलं.
बॅकअपची स्क्रिप्ट मी मुळात वाळूजच्या एका कारखान्यासाठी लिहिलेली. तिथं शुक्रवारी सुट्टी, सगळं बंद, म्हणून शुक्रवार वगळायची एक ओळ. वर टीप: 'दुसरीकडं लावताना ही ओळ काढ, नाहीतर मेलीस.' टीप गेली, ओळ राहिली. आणि नितीननं तीच स्क्रिप्ट नव्या दवाखान्याच्या सर्व्हरला लावलीय. उद्या शुक्रवार. रात्री आठला बॅकअप, मग लगेच जुनं मशीन पुसून नवं बसवणार. बॅकअप झालाच नाही तर पेशंटचे दिवसभराचे रिपोर्ट गेले.
खरं लिहिते. वाटलं, गप्प बसावं. आपटू दे तोंडावर, सगळ्यांदेखत. पाचेक मिनिटं फार बरं वाटलं. मग आठवलं, पाचोडची मावशी तिथंच दाखवायला जाते.

शुक्र. ७, दुपार
सरांना सांगितलं. "मॅडम, लीड आता नितीन आहे, त्याच्याशी बोला. आणि जरा मन मोठं करा." मन मोठं करा म्हणे!
नितीनला फोन केला. "ताई, मी चेक केलंय समदं. तुमचा राग कळतोय मला, पण कामात नका ना आणू." ठेवला.
मी काही खरं सांगायला गेले तर तो राग. एवढं सगळं घेतलं, आता माझा शब्दही घेतला यानं.

शुक्र., सहा वाजता
ओळ मीच काढली. टीप परत लिहिली. खाली पहिल्यांदाच स्वतःचं नाव आणि कधी लिहिली ते वर्ष. बदल लागू व्हायला लीडची मंजुरी लागते, म्हणून त्याच्याकडं पाठवला. त्यानं उघडून बघितल्याचं दिसतंय. पुढं काही नाही.

सात
फोन उचलत नाही. सरही नाही. मंजूर केलं तर स्क्रिप्ट कुणाची ते सगळ्या ऑफिसला दिसणार, तिथंच अडलंय त्याचं घोडं. नाव काढून पाठवलं तर दोन मिनिटांत मंजूर करेल. ओळखते मी त्याला.

पावणेआठ
नाव अजून आहे.