बुंधा पाहिल्याशिवाय

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते, बाबा बरे आहेत. आत्ता मागच्या खोलीत फळीला रंधा मारत बसलेत. काय करताय विचारलं, तर ‘दिसेल’ म्हणाले. गुडघे कुरकुरतात, जेवण बेताचं झालंय, हट्ट मात्र होता तेवढाच आहे. जित्याची खोड म्हणतात ना, त्या म्हणीचा पुढचा भाग मी हल्ली तोंडातून काढत नाही.

माझं ठीक चाललंय. पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आता मला कापडी पुठ्ठ्यांच्या टेबलावर बसवलंय. बोटांना लागलेला सरसाचा वास घरापर्यंत येतो आणि बाबा नाक मुरडतात, जणू आयुष्यभर सुतारकाम करताना त्यांनी गुलाबपाणीच उकळलं. तू गेल्यापासून घरात बोलणं कमी झालंय. तुझा विषय निघाला की ते उठून खिडकी लावतात, उघडी नसली तरी.

पाऊस सरला, ऊन पडलं आणि जंगलाच्या कडेच्या गवतात अळंब्या उगवल्या. बाबा टोपली घेऊन निघाले. तुला आठवतं ना, आपण दोघं त्यांच्यामागे चालायचो आणि छत्री दिसली की आधी तू ओरडायचास. मग ते गुडघ्यांवर बसायचे, माती बोटांनी सैल करायचे आणि अळंबी मुळापासून अलगद वर काढायचे. बुंधा पाहिल्याशिवाय काही टोपलीत टाकायचं नाही, हा त्यांचा कायदा. खाण्याची अळंबी आणि जीव घेणारी, दोघी वरून सारख्याच गोऱ्या. पण खाण्याच्या अळंबीच्या छत्रीखालच्या पाकळ्या गुलाबी असतात, पुढे तपकिरी होतात. दुसरीच्या पांढऱ्याच राहतात आणि तिच्या बुंध्याशी मातीत एक पिशवी दडलेली असते. आपल्या घरात तिला पाहुणी म्हणायचे, नटूनथटून येते म्हणून. त्या नावावर आपण किती हसायचो.

दुसरा कायदा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जो खुडेल तो आधी खाईल, एकटा, आणि बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी. पाहुणीचं विष लगेच बोलत नाही, म्हणून दिवसभर थांबायचं. आजोबा आधी खायचे, मग बाबा खायला लागले. ते लोण्यात परतलेल्या अळंब्या शांतपणे चावायचे आणि आई समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघायची. दुसऱ्या दिवशी आपण ताटं पुढे करायचो, ती मात्र कधीच दोन घासांच्या वर खायची नाही. तिला त्या आवडत नाहीत असंच मी समजत होते, ती भीती होती हे कळलं नाही.

आता जे सांगायचंय त्याकडे येते. बाबांना हल्ली नीट दिसत नाही, आणि मला वाटला होता तसा तो मोतीबिंदू नाही. डॉक्टर म्हणतात, पडद्याच्या मधोमध डाग पडलाय, तो वाढत जाणार, आणि त्याला शस्त्रक्रिया नाही. कडेने दिसतं, समोरचं पुसट होतं, आणि फिके रंग आधी जातात. बाबांनी हे ऐकून घेतलं, डॉक्टरांच्या टेबलाचा एक पाय आखूड असल्याचं त्यांना सांगितलं आणि घरी आले.

त्यानंतर त्यांनी ही टोपली आणली. मी निवडायला बसले आणि हात थांबला. सगळ्या अळंब्यांचे दांडे एका रेषेत कापलेले. एकीलाही बुंधा नाही. विचारलं तर म्हणाले, गुडघे वाकत नाहीत, म्हणून काठीला पटाशी बांधली, उभ्या उभ्या छाटता येतात. सुताराची हुशारी बघ. ज्या एका गोष्टीवरून पाहुणी ओळखायची, तीच त्यांनी जमिनीत ठेवून दिली होती. मला एका छत्रीचा संशय आला. पाकळ्या पांढऱ्या वाटत होत्या, पण दिव्याच्या पिवळ्या उजेडात माझीही खात्री होईना. ती मी काळ्या पुठ्ठ्यावर पालथी ठेवली, वर वाटी झाकली. छत्रीची भुकटी खाली पडली की रंग कळतो, पण त्याला सकाळ व्हावी लागते. इकडे बाबांनी बाकीच्या तव्यावर टाकल्या होत्या आणि ताट घेऊन बसलेही होते. मी म्हटलं, आज नको. ते म्हणाले, माझा मान आहे. मी तवा उचलला आणि सगळं केराच्या डब्यात उलटं केलं. तळहात भाजला तेही नंतर कळलं. ते उठून केराच्या डब्याशी येऊन उभे राहिले. रिकामं ताट त्यांनी स्वतः धुऊन ठेवलं.

सकाळी वाटी त्यांनीच उचलली. पुठ्ठा खिडकीशी नेला, मान वळवून डोळ्याच्या कडेने पाहिला. फिका गुलाबी त्यांना ओळखू येत नाही, पण काळ्यावरचं पांढरं दिसलं, म्हणजे ती पाहुणीच होती.  मग काठीची दोरी सोडली, पटाशी पुसली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवली.

धाकट्या, मला तुझी फार आठवण आली. आई आजारपणात गेली त्या वर्षी तू भरलेली टोपली गटारात फेकलीस, ‘आता तुम्हीही जाणार का’ म्हणालास, आणि त्यांनी तुझ्यावर हात उगारला. हात खाली आला नाही, पण तू त्याच आठवड्यात घर सोडलंस. तू का फेकलीस हे तवा हातात असताना मला जसं कळलं तसं इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. आणि केराच्या डब्याशी उभ्या असलेल्या बाबांनाही कळलं असावं, कारण त्या दिवसापासून त्यांनी खिडकी लावलेली नाही.

काल जेवताना ते आपणहून म्हणाले, “त्याला लिही. बुंधे बघायला कुणीतरी डोळस हवं.” एवढंच. आपल्या बाबांच्या तोंडून याहून जास्त निघणार नाही, हे तुलाही ठाऊक आहे. अळंब्यांची एक नवी जागा त्यांना सापडलीय, ती त्यांनी अजून कुणाला दाखवलेली नाही. दिसतंय तोवर तुला दाखवायची आहे. मी स्पष्टच विचारलं, मग आधी कोण खाणार?  ते म्हणाले, तो नाही. मी म्हटलं, तुम्हीही नाही. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि होकारार्थी मान हलवली. म्हणजे आता कुणीच खायचं नाही. तुम्ही दोघांनी जायचं, माती सैल करायची, एकेक वर काढून ओळखायची, आणि तिथेच ठेवून परत यायचं. हे पत्र लिहिता लिहिता मी मागे डोकावून आले. ते बसकी स्टुलं करतायत, गुडघे न वाकवता जमिनीजवळ बसता यावं म्हणून. एक तयार आहे. दुसरं जरा उंच ठेवलंय, तुझे पाय लांब आहेत म्हणून. ये.

तुझीच,
ताई