सारखेच दिसणारे फोटो

बाबा,

कॉम्प्युटर बंद करू नका. खोलीतून निघताना तुमचा हात बटणाकडे जातोच, म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली आहे. पेनड्राइव्हही काढू नका.

काल कॉम्प्युटरवर जागा करायला मी सारखे फोटो शोधणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवलं. आई होती तेव्हा तुम्ही रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीत तिचा फोटो काढायचात. त्याला ते सगळे एकच वाटले. एक ठेवून बाकीचे पुसले. आता पुसलेलं शोधणारं दुसरं लावलंय, सापडतील ते पेनड्राइव्हवर उतरतील. ऑफिसातून तासातासाला फोन करेन, पडद्यावरचा आकडा तेवढा सांगा.

पुसण्याआधी त्या पहिल्या सॉफ्टवेअरने विचारलं होतं, एकेक बघून घ्यायचेत का. मी नाही म्हटलं.