फियाट आज देऊ नका

बाबा,

नाइट शिफ्ट करून आलात म्हणून उठवलं नाही. अकराला उल्हासनगरचे मोटवानीशेठ आपली फियाट न्यायला येतील, त्यांना प्लीज परत पाठवा.

नवी सुमो मलाही आवडली हं! एकदम टकाटक, आठ माणसं आरामात बसतात. आपल्या फियाटला तर रोज सकाळी अख्खी बिल्डिंग धक्का मारते. पण काल सुमो ट्रायलला आली, तेव्हा तुम्ही शेजारच्या जनूकाकांना इंजिन दाखवत होतात. आई मागून चढायला गेली आणि तिचा पाय तेवढा वर उचललाच गेला नाही. दोनदा. मला म्हणाली, "बाबांना सांगशील तर बघ! किती वर्षांनी एवढे खूश झालेत." आणि तुम्हाला म्हणाली, "मला नको फेरी, गॅसवर दूध आहे." तुम्ही हसलात.

बाबा, जिन्यावरून पडल्यापासून तिचा पाय तसाच आहे. फियाटमध्ये ती आधी बसते, मग हाताने पाय आत घेते. सुमो आली तर दर गुरुवारी अंबरनाथला शेक घ्यायला कशी जाणार?

तिला विचारू नका, ती "काही झालं नाही" म्हणेल. स्टुलावर पाय ठेवायला सांगा आणि नुसतं बघा.

फियाटच्या दोन्ही किल्ल्या माझ्या कंपासपेटीत आहेत. ओरडायचं असेल तर साडेपाचला, मी शाळेतून आल्यावर.

नीलू