कॉमिकवर बिरोबा

रवि., ४ जाने.
शेवटचं पान झालं. कॉमिक पूर्ण. सगळं आबांचं, माझ्या वडिलांचं: मेंढरं, घोड्यावरचं बिऱ्हाड, वाटेतली गावं. शेवटी कळप विकला तो दिवस, मग चिकलठाणा एमआयडीसीत वॉचमनकी. आबांना दाखवलेलं नाही. रानात काढलेल्या दिवसांचा विषय चार लोकांत काढलेला त्यांना खपत नाही. नको म्हणाले तर सगळं बंद, म्हणून आधी छापते. भित्री आहे मी.

शुक्र., ९
प्रेसवाल्या काकांनी घोळ केला. जन्मभर लग्नपत्रिका छापलेला माणूस. मुखपृष्ठावर मेंढरं दिसली आणि सवयीनं वर धनगरांच्या देवाचं नाव, ‘॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥’, टाकून मोकळे. प्रत्येक प्रतीवर! वर मलाच म्हणतात, देवाशिवाय कागद उघडा दिसतो, ताई.
रडायचीच बाकी होते. फरहीनला फोन. (तिचं खुलताबादच्या नानीवरचं कॉमिक, दख्खनीत. ते वाचलं नसतं तर मी पेन्सिल उचललीच नसती.) ती पोट धरून हसली. “देख, येच बिकती.” म्हणे हेच खपणार.

रवि., ११
जिंकलो. वाचनालयाच्या हॉलमध्ये कॉमिकवाल्यांचा मेळा. कुणाचं झेरॉक्सवर काढलेलं, कुणाचं सुईदोऱ्यानं शिवलेलं. एकाचं अख्खं कॉमिक रिक्षा स्टँडवरच्या भांडणाचं, लई भारी. एवढी वेडी माणसं आपल्याच गावात होती!
माझ्या टेबलाशी लोक थबकायचे, पत्रिका कुणाची म्हणून. हातात घेतली की आत मेंढरं. मग हलायचेच नाहीत. एक बाई उभ्या उभ्या पूर्ण वाचून म्हणाल्या, “आमचं बी असंच व्हतं. कुणी काढलंच नाय कधी.”
दुपारीच टेबल साफ. फरहीनचंही. एक प्रत घरी आणली.

सोम., १२
आज आबांच्या हातात दिली.
बिरोबाचं नाव दिसलं, आधी कपाळाला लावली. मग चित्र न् चित्र पाहिलं. कळपाच्या कुत्र्याच्या चित्रापाशी हसले. कळप विकल्याच्या पानावर थांबले.
“हितं मी पाठमोरा का?”
म्हटलं, तोंड काढता येईना. कसं झालं असेल तेच कळेना.
त्यांनी कॉमिक मिटलं. मला वाटलं, संपलं.
“घे पेन्सिल,” म्हणाले. चष्मा काढून ठेवला आणि खिडकीच्या उजेडात माझ्याकडं तोंड करून बसले.
कपाळ झालंय, मिशा झाल्यात. डोळे अजून जमत नाहीत. आबा बसूनच आहेत.