आमचा पैलवान

७ नोव्हेंबर

सूनबाई शुभदा आज पुन्हा महाडला! श्रियाला शालीत गुंडाळून सकाळच्या एसटीत बसली. तिथे समीक्षा नावाची कोणी पोरगी आहे, ती बाळांना चेंडूवर झोपवते, खुळखुळे दाखवते. याला म्हणे उपचार! "आई, जुळी दोन महिने आधी झालीत. पहिल्या वर्षात मेंदू सगळ्यात जास्त शिकतो." मला शिकवते! जन्मभर पोलादपुरात मुलं शिकवली मी.

दोघांनाही न्यायचं म्हणत होती. स्पष्ट सांगितलं — मुलगी मऊ, मान धरत नाही, तिला ने. निषादला काय धाड भरलीय? दोन बाळं तिला एकटीला झेपायची नाहीत, आणि मी सोबत जाणार नाही. विषय संपला.

१९ नोव्हेंबर

प्रयागबाई मालिश करताना म्हणाली, "बाय, पोरगा पैलवान हाय तुमचा! पाय वाकवाया गेलं तर वाकत नाय." मूठही अशी घट्ट की माझं बोट सोडवताना नाकी नऊ येतात. लगेच तीट लावली. श्रिया शेजारी पडलेली, कणकेच्या गोळ्यासारखी.

४ डिसेंबर

देवव्रतचा पुण्याहून फोन. बायकोने कान भरलेले! "आई, निषादलाही एकदा दाखवून घे ना." बाप आहेस तर रजा काढून ये की! बोलले आणि फोन ठेवून दिला. संध्याकाळभर डोकं तापलेलं.

१५ जानेवारी

बोरन्हाण झालं. निषादला काखेत धरून पाटावर उभा केला — चवड्यांवर ताठ! सातव्या महिन्यात! बायका नुसत्या "अगंबाई, अगंबाई" करत होत्या. श्रिया समोर पडलेलं बोर पकडायला धडपडत होती, तिच्याकडे कोण बघतंय!

शुभदा मात्र तोंड पाडून उभी. "याच्या टाचा टेकत नाहीत, आई." सणासुदीला हे! स्वतःच्या पोराला नजर लावतेस का, असं चारचौघींत विचारलं. रडली. रडू दे.

२ फेब्रुवारी

बोलणं बंद आहे. घर कसं शांत वाटतंय.

२८ फेब्रुवारी

श्रिया हात टेकून बसायला लागली. शुभदाने गावभर फोन केले. एवढं काय त्यात! निषादला बसणं आवडत नाही, बसवला की अंग मागे ताणतो. दूध पिताना ठसकतो तेवढंच. मला त्याचा फार लळा आहे, आणि ते हिला बघवत नाही.

१० मार्च

सकाळीच भांडण. "समीक्षाताई दर वेळी विचारतात, दुसरं बाळ का आणत नाही? काय सांगू? सासूबाई देत नाहीत म्हणून?" घरची गोष्ट चव्हाट्यावर न्यायची धमकी, मला!

ठीक आहे. परवा मीच येते म्हटलं. त्या पोरीसमोर निषादला उभाच करते, म्हणजे दोघींची तोंडं बंद होतील.

१२ मार्च

उभा केला.

समीक्षाने त्याला माझ्या हातातून घेतलं, गादीवर झोपवलं. पाय वाकवून पाहिले, मूठ उघडून पाहिली. मग म्हणाली, "आजी, ही ताकद नाही. स्नायू सैल सोडायचा निरोप मेंदूकडून नीट पोचत नाहीये. डॉक्टरांना आजच दाखवू. श्रियाला महिन्यातून एकदा आणलं तरी पुरे. याला उद्यापासून रोज आणा. अजून करता येईल बरंच, पण आधीच सुरू व्हायला हवं होतं. का नाही आणलंत?"

शुभदाने उत्तर माझ्यासाठी ठेवलं.